हमीच्या पुस्तिकेवरची खोटी तारीख

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला विशेष काही वाटणार नाही. बत्तीस पानं, निळं कव्हर, एका कोपऱ्यावर बिअरचा पिवळट डाग आणि सातव्या पानाला चिकटलेला चॉकलेटचा अर्धा कागद. नव्या गाडीबरोबर हमीची जी पुस्तिका मिळते, ती मी. कोणी वॉरंटीचं पुस्तक म्हणतात. म्हणजे गाडी बिघडली की म्हणतात. एरवी मला कोणी हाक मारत नाही.

छापखान्यातून निघाल्यावर मी एल आल्तो शहरातल्या एका शोरूमच्या लोखंडी कपाटात येऊन पडले. माझ्यासारख्याच आणखी दहा जणी तिथे होत्या. आम्ही सगळ्या कोऱ्या होतो. कोऱ्या म्हणजे छापील मजकूर होताच, पण तिसऱ्या पानावरच्या तीन ओळी रिकाम्या होत्या. मालकाचं नाव, गाडीचा क्रमांक आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख. आमचं सगळं आयुष्य त्या तिसऱ्या ओळीवर लटकलेलं असतं. तिथे जी तारीख पडेल, तिथून पुढे तीन वर्षं आमच्या शब्दाला किंमत. त्यानंतर आम्ही रद्दी.

तीस डिसेंबरला दुपारी कपाट उघडलं. शोरूमचे प्रमुख फाबियान मुर्गिया यांनी आम्हा अकरा जणींना टेबलावर मांडलं आणि पेनचं टोपण दातात धरून भराभर लिहायला सुरुवात केली. नाव नाही, क्रमांक नाही. फक्त तारीख. तीस डिसेंबर, तीस डिसेंबर, तीस डिसेंबर.

कार्यालयात काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, गाड्या तर अजून अंगणात उभ्या आहेत. घेणारे कुठे आहेत?"

"घेणारे येतील हो. वर्ष संपायच्या आत अकरा गाड्या विकल्या असं वर कंपनीला कळवलं की आपलं काम झालं."

"आणि ज्यांना मिळतील त्यांची हमी?"

"बाई, ते पुस्तक कोण वाचतं?"

मित्रांनो, त्या दिवशी मला खोटं बोलायला शिकवलं गेलं. तोंड नसलेल्या वस्तूला खोटं बोलायला लावणं किती सोपं असतं! नंतर आम्हाला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून परत कपाटात कोंबलं. बाहेर गाड्यांवर धूळ बसत होती आणि आत आमचे दिवस एकेक करून गळत होते. घेणारा कोण हे ठरायच्या आधीच त्याचे सात महिने संपले होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला रोमुलो तार्की आणि त्याची बायको निल्दा आले. रोमुलोला शाळेच्या मुलांची ने-आण करायला सात जणांची गाडी हवी होती. निल्दा सात महिन्यांची गरोदर होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तिने मागच्या सीटचे पट्टे एकेक करून ओढून बघितले, दारं आतून उघडतात का ते बघितलं आणि मुर्गियांना विचारलं, "मुलांनी हे कुलूप आतून काढलं तर?" मुर्गिया हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक मोठ्या कामाला धर्मपिता लागतो. बाळाच्या बाप्तिस्म्याला लागतो, लग्नातल्या केकला लागतो, नव्या घराच्या छपराला लागतो, तसा नव्या गाडीलाही लागतो. गाडीचा धर्मपिता झाला की तो मालकाचा कोम्पाद्रे होतो, म्हणजे जवळजवळ सख्खा भाऊ, आणि मालकाची बायको त्याची कोमाद्रे. कोम्पाद्रेशी भांडायचं नाही आणि त्याच्या शब्दाला पुरावा मागायचा नाही, हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. रोमुलो भोळा माणूस. ज्याने एवढी सुंदर गाडी दिली त्यालाच त्याने हात जोडून विचारलं, "साहेब, आमच्या गाडीचे धर्मपिता व्हाल?"

मुर्गियांनी छातीवर हात ठेवला. "अहो कोम्पाद्रे, हा माझा मान आहे."

त्या वर्षी हा मान त्यांनी कितव्यांदा घेतला, ते मला कपाटातून ऐकू येत होतं.

मग त्यांनी मला किल्ल्यांसोबत, लाल फीत बांधून, निल्दाच्या पुढ्यात ठेवलं. तिने लगेच फितीला हात घातला. "हे जरा बघू?"

"बघा ना कोमाद्रे, अवश्य बघा," मुर्गिया म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

रोमुलो तिच्या कानाशी लागला. "निल्दा, अगं आत्ताच त्यांना घरचं केलं ना आपण? आणि लगेच त्यांचे कागद तपासतेस? काय वाटेल त्यांना?"

तिचा हात फितीवरून मागे गेला. त्या हाताला मी आजही दोष देत नाही. पण मित्रांनो, त्या हाताने फीत सोडून दोन पानं उलटली असती, तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

त्याच आठवड्यात गाडी कोपाकबानाच्या चर्चला आशीर्वादाला गेली. टपावर फुलं, आरशांना कागदी माळा. पाद्रीबाबांनी बादलीतलं पवित्र पाणी इंजिनावर शिंपडलं, धर्मपित्याने बिअरची बाटली हलवून फसफसत चारही चाकांवर ओतली. त्यातले चार थेंब पुढच्या कप्प्यात माझ्यापर्यंत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, "दीर्घायुषी हो!" असं गाडीला म्हणाले. मी मनात म्हटलं, गाडीचं माहीत नाही बाबांनो, पण माझं आयुष्य तुमच्या धर्मपित्याने केव्हाच कापलंय.

पुढचे दिवस वाईट नव्हते. रोज सकाळी सहा मुलं गाडीत चढायची. वरच्या पठारावरून खाली ला पाझ शहरापर्यंतचा उतार मोठा, वळणांचा. निल्दा दारात उभी राहून सहा पट्टे मोजल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. पुढे तिच्या कडेवर तान्ही यानेथ आली, तरी मोजणं चालूच. "एक, दोन, तीन... चौथा कोण? ए, तुझा पट्टा खाली का?" मी कप्प्यात कंगवे, टॉफ्या आणि तुटक्या पेन्सिलींखाली दबून पडले होते. दर सहा महिन्यांनी देखभालीसाठी गाडी शोरूमला जायची, तेव्हा मला बाहेर काढून शिक्का मारायचे. मुर्गिया स्वतः मारायचे. शिक्क्याचं पान शोधताना तिसरं पान आलं की त्यांचा अंगठा ते झटकन उलटवायचा. चार वेळा उलटवलं. चार वेळा त्यांना खरं सांगता आलं असतं.

मग या जानेवारीत एके सकाळी उतारावर रोमुलोने ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं कडक झालं. गाडी थांबेना. त्याने दोन्ही पायांनी जोर लावला, हातब्रेक ओढला, आणि गाडी रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या ढिगात घुसून थांबली. पाटीवाली बाई उठून उभी राहिली. "ए बाबा, ब्रेक घरी विसरून आलास का?" तिला मागच्या काचेत सहा चेहरे दिसले आणि पुढची शिवी तिने गिळली.

कोणाला लागलं नाही. पण ऐकल्यावर निल्दाने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "दुरुस्त होईपर्यंत या गाडीत कोणाचंच पोर बसणार नाही. तूही बसणार नाहीस."

शोरूमच्या मागच्या कार्यशाळेत ओढून आणलेली गाडी सेवेरो मिस्त्रीने तपासली. हात पुसत दोघांना म्हणाला, "ब्रेकचा बूस्टर गेलाय, पायाचा जोर वाढवतो ना, तो. आतला पडदा फाटलाय. चालवणाऱ्याची चूक नाही हो, मालच कच्चा निघाला. हमीत बसतं हे. पुस्तक घेऊन वर साहेबांकडे जा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला कामासाठी वर घेऊन चाललं होतं. मित्रांनो, मला अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटत होती.

मुर्गियांनी या वेळी तिसरं पान उलटवलं नाही. त्यावर बोट ठेवलं.

"अरेरे. कोमाद्रे, हमी तीस डिसेंबरला संपली. तीन आठवडे झाले. थोडक्यात हुकलं बघा."

"कुठली तीस डिसेंबर?" निल्दा म्हणाली. "गाडी आम्ही ऑगस्टमध्ये नेली. अजून अडीच वर्षं झाली नाहीत. हमी तीन वर्षांची आहे."

"कागदावर डिसेंबर आहे."

"त्या डिसेंबरात ही गाडी तुमच्या अंगणात धूळ खात होती. आम्ही तुम्हाला ओळखतसुद्धा नव्हतो."

"कोमाद्रे, कागद म्हणजे कागद."

"म्हणजे आमच्या घरी यायच्या आधीच ती म्हातारी व्हायला लागली होती? जन्माआधी सात महिने वाढदिवस?"

"आवाज जरा खाली ठेवा. गिऱ्हाईक बसलंय."

"माझा आवाज पोरीला झोपवताना खाली असतो. इथे नाही."

मुर्गिया रोमुलोकडे वळले. आवाज मधासारखा झाला. "कोम्पाद्रे, तुम्ही समजूतदार आहात. तुमच्या गाडीला मी बिअर वाहिली आहे. मी तुम्हाला फसवेन का?"

रोमुलोचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चल, निल्दा."

घरी आल्यावर दोघांत जे झालं ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ऐकलं.

"कोम्पाद्रेला खोटारडा म्हणायचं? लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

"आणि सहा पोरं त्या उतारावरून गेली असती खाली, तर लोकांनी काय ओवाळलं असतं तुला?"

"मी कुठे म्हणतो तो बरोबर आहे म्हणून! पण नातं आहे, निल्दा."

"नातं त्याने त्या दिवशी आपल्या तोंडात बोळा म्हणून कोंबलं. आणि मीही मूर्ख. पुस्तक हातात होतं माझ्या. लाज वाटली वाचायला." तिने मला टेबलावर असं आपटलं, की माझी एक पिन सुटली.

दहा दिवस गाडी कार्यशाळेच्या आवारात उभी राहिली. सहातल्या दोन मुलांच्या आयांनी दुसरी गाडी लावली. उरलेल्या चौघींनी निरोप पाठवला, की सोमवारपर्यंत थांबू, पुढे नाही. रोमुलोचं सगळं काम त्या चार निरोपांवर येऊन ठेपलं.

कार्निव्हलच्या आधी एक गुरुवार आमच्याकडे कोम्पाद्रे लोकांचा असतो. त्या दिवशी टोपली घेऊन कोम्पाद्रेच्या दारी जायचं, त्याच्या गळ्यात कागदी फिती घालायच्या, डोक्यावर कागदाचे कपटे उधळायचे. आणि खरंच सांगते, रोमुलोने त्याही गुरुवारी टोपली भरली. पीच, द्राक्षं, एक बाटली. निल्दा टोपली भरेपर्यंत बघत होती. मग तिने द्राक्षांच्या घडाखाली मला सरकवलं आणि यानेथला पाठीवर बांधलं.

"तू कशाला?" रोमुलोने विचारलं.

"मीही कोमाद्रेच आहे ना त्यांची? मान द्यायला येते."

शोरूममध्ये गाड्यांवर फिती झुलत होत्या. मुर्गियांच्या केसांत रंगीत कपटे होते, गळ्यात पाच-सहा माळा, समोरच्या टेबलावर टोपल्यांची रांग. आठ-नऊ कोम्पाद्रे पेले घेऊन उभे होते. सगळे त्यांच्याच हातून गाडी घेतलेले, सगळ्यांच्या गाड्यांचे धर्मपिता तेच.

निल्दाने टोपली टेबलावर ठेवली, द्राक्षं उचलली आणि मला काढून तिसऱ्या पानावर उघडं केलं.

"साहेब, सणाच्या दिवशी एकच मागणं आहे. ही तारीख तुम्ही कधी लिहिली ते सांगा."

"आज नको, कोमाद्रे," मुर्गिया हसत म्हणाले, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

हिलारिओन काका नावाचे एक म्हातारे, बाजारात भाजी पोचवणारे, पुढे आले. "पोरी, आज भांडायचा दिवस नाही गं. कोम्पाद्रेचा गुरुवार आहे."

"काका, तुमची गाडी घरी कधी आली?"

"माझी? नातवाच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यात. मे महिना होता."

"मग बाहेर जाऊन तुमच्या पुस्तकाचं तिसरं पान बघून या. मी दुसरं काही म्हणत नाही. ते वेगळं असेल तर मी सगळ्यांसमोर माफी मागते आणि घरी जाते."

काका कुरकुरत गेले. मुर्गिया म्हणाले, "काका, राहू द्या हो, पेला घ्या!" पण म्हातारा बाहेर पोचला होता. परत आला तो हळूहळू, चष्मा कपाळावर, माझी एक बहीण हातात उघडी धरून.

"तीस डिसेंबर लिहिलंय," तो म्हणाला. "डिसेंबरात तर मी हाताने गाडा ओढत होतो."

मग कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकेक जण पेला खाली ठेवून बाहेर जाऊ लागला. गाड्यांची दारं उघडल्याचे, कप्पे ओढल्याचे आवाज येत राहिले. आणि एकेक करून आम्ही त्या काचेच्या टेबलावर भेटलो. सहा जणी. एकीवर तेलाचे डाग, एकीला उंदराने कुरतडलेलं, एक अजून प्लॅस्टिकमध्येच होती, तिला मालकाने तिथेच फाडून उघडलं. सहाही जणींच्या तिसऱ्या पानावर तीच तारीख, तेच पेन, शेवटच्या अक्षराची तीच मागे वळलेली शेपटी.

"वा, कोम्पाद्रे!" मागून कोणीतरी म्हणालं. "एका दिवसात सहा लेकरं! तब्येत बरी आहे ना?"

"आणि बाप्तिस्मे मात्र सगळ्यांचे वेगवेगळ्या महिन्यात!"

हसणं झालं, पण त्यात सण उरला नव्हता. मुर्गिया घाम पुसू लागले. "अहो, सगळेच विक्रेते करतात हे. वरून आकडा मागतात. वर्षअखेरीला अमुक गाड्या विकल्या दाखवा म्हणतात. मी एकटा काय करू?"

"आम्हाला सांगायचं होतं," निल्दा म्हणाली. "सात महिने गेलेत म्हणून सांगायचं. घ्यायची की नाही ते आम्ही ठरवलं असतं."

"तुमचा काही तोटा झाला का? एवढ्याशा तारखेने?"

"एवढीशी तारीख? त्या उतारावर सहा पोरं होती. त्यांची नावं सांगू? तुमच्या बिअरने गाडी थांबत नाही, साहेब. बूस्टरने थांबते."

हिलारिओन काकांनी आपली बाटली उचलली आणि टोपलीत परत घातली. टोपली हातात घेतली. आमच्याकडे कोम्पाद्रेच्या दारातून टोपली परत नेणं म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही, शिवी बरी. मग दुसऱ्याने टोपली उचलली. मग तिसऱ्याने. मुर्गियांचा चेहरा कागदी माळांमध्ये पांढरा पडत गेला.

"थांबा, थांबा! ठेवा पुस्तकं इथेच. उद्या सगळ्यांना नवी कोरी करून देतो." त्यांनी आम्हाला गोळा करायला हात पसरले.

निल्दाने आपला पंजा माझ्यावर सपाट ठेवला. "नवी नको. हीच. खाडाखोड दिसली पाहिजे."

तेव्हा रोमुलो पुढे आला. इतका वेळ तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने खिशातून पेन काढलं आणि मुर्गियांच्या समोर धरलं.

"लिहा, कोम्पाद्रे," तो म्हणाला. "गाडी कधी दिलीत ते लिहा."

धर्मपिता व्हा म्हटल्यापासून त्याने त्यांच्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मुर्गियांनी त्याच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, तिथे टोपल्या घेऊन माणसं उभी होती. मग त्यांनी तीस डिसेंबरवर रेघ मारली, शेजारी चार ऑगस्ट लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग तशीच बाकीच्या पाच जणींवर, जिची तिची खरी तारीख. उरलेल्या पाच घरांचे पत्ते हिलारिओन काकांनी कार्यालयातल्या बाईंकडून मागून घेतले. बाईंनी ते लगेच दिले. बहुतेक त्या खूप दिवस वाट बघत होत्या.

शनिवारी दुपारपर्यंत नवा बूस्टर बसला. सेवेरो मिस्त्रीने रोमुलोला किल्ली दिली. मुर्गिया कार्यशाळेच्या दारात उभे होते. "झालं ना मनासारखं? आता राग सोडा, कोमाद्रे. नातं काय असं तुटतं?"

"नातं तुटत नाही," निल्दा म्हणाली. "म्हणून तर म्हणते, या. बसा पुढे."

"मी?"

"धर्मपिता आहात ना? सोमवारी मागे चार पोरं बसणार आहेत. त्याआधी उतारावर एक फेरी तुमच्यासोबत."

"मिस्त्रीने बघितलंय हो सगळं..."

"मग भीती कसली?"

सेवेरो मिस्त्री दुसरीकडे बघत खोकला. मुर्गिया बसले. निल्दाने खिडकीतून हात घालून त्यांचा पट्टा स्वतः लावला आणि दोनदा ओढून बघितला. मग मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे धरा."

रोमुलोने गाडी उताराला लावली. निल्दा यानेथला घेऊन वरच थांबली, रस्त्याच्या कडेला, डोळ्यांवर हात धरून. पहिलं वळण जवळ आलं तसे मुर्गिया सीटला पाठ रुतवून बसले. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, इतकं, की माझं कव्हर मुडपलं. मित्रांनो, अडीच वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदाच असं जपून धरलं होतं. रोमुलोने पेडल दाबलं. ते मऊ खाली गेलं आणि गाडी वळणाच्या आधी जागच्या जागी थांबली.

"थांबली," मुर्गिया पुटपुटले. "थांबली बघा. आता मागे जाऊ या."

"अजून चार वळणं आहेत, कोम्पाद्रे," रोमुलो म्हणाला.

सोमवारी चार मुलं चढली. गेलेली दोघं परत आली नाहीत. मुर्गिया आजही त्याच खुर्चीवर आहेत आणि अजून नव्या गाड्यांचे धर्मपिता होतात, असं ऐकते. माझ्या तिसऱ्या पानावरची खोटी तारीख रेघेखालून अजून वाचता येते. ऑगस्टमध्ये माझा शब्द संपेल आणि मी रद्दीत जाईन, तेव्हाही ती तिथेच असेल.

म्हणून मित्रांनो, घरी नवी वस्तू आली की तिच्यासोबतच्या माझ्यासारख्या पुस्तिकेला कप्प्यात टाकू नका. आईबाबांना सांगा, तारीख बघा. आणि ज्याने दिली त्याच्या समोरच, तिथेच उभं राहून बघा. त्याला राग आला तर येऊ द्या.